उघाडीत माणूस : १

हे खरं आहे. पटलं नाही तर सोडून द्या, पण खाली "मॅडम, कल्पना मस्त" असं लिहू नका. मला त्याचा राग येतो.

गेल्या वर्षीची सर्वपित्री अमावास्या. रविवार. सकाळचे साडेआठ, लख्ख ऊन.

जागा, रेवसच्या अलीकडे आमच्या गावच्या खारबांधावरची उघाडी. उघाडी म्हणजे बांधातलं लोखंडी दार. ओहोटीला उघडायचं, शेतातलं पाणी खाडीत सोडायचं. भरतीला पाडायचं, नाहीतर खारं पाणी शेतात शिरतं. भात निसवलेलं असताना शिरलं, तर ते पीक गेलंच, पुढची दोन-तीन वर्षंही गेली.

माझे बाबा, बाळाराम, ही उघाडी सांभाळतात. मी सुचिता. अलिबागला दोन खोल्यांच्या ऑफिसात मशिनांचे प्रोग्राम लिहिते. ह्या दाराला मोटर लागली तेव्हा तिचा प्रोग्राम आम्हीच केला.

आम्ही म्हणजे मी आणि प्रफुल्ल. प्रफुल्ल आमच्याच गावचा. मला दोन वर्षांनी मोठा, आणि कामात माझ्यापेक्षा दहापट हुशार.

थोडं कामाचं सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही.

प्रोग्राम तुकड्यातुकड्यांनी लिहितात. प्रत्येक तुकड्याला नाव असतं. नेहमी लागणारे तुकडे एका लायब्ररीत ठेवतात. मग लिंकर नावाचं सॉफ्टवेअर त्यातले लागतील ते उचलून जोडतं. कोण कुणाला नावाने बोलावतो ते बघतं. जागा कमी असेल तर त्याला सांगता येतं, ज्याला कुणीच बोलावत नाही तो तुकडा टाकून दे. शेवटी लिंकर एक यादी देतो. काय घेतलं, काय टाकलं, कुणी कुणाला बोलावलं.

प्रफुल्लने एक तुकडा लिहिला होता. 'माणूस_तपास'.

उघाडीच्या नळीत, म्हणजे बांधाखालून पाणी जातं त्या बोगद्यात, माणूस असेल तर दार पाडायचं नाही, एवढंच त्याचं काम. पण त्याला प्रोग्राममधलं कुणी नावाने बोलावत नसे. नळीतला सेन्सर त्याला थेट जागं करायचा. म्हणून प्रफुल्लने लिंकरच्या सूचनांमध्ये एक ओळ घातली होती : हा कुणाचा नसला तरी ठेव.

जूनमध्ये आम्ही नवीन चिप लावली. तिच्यात जागा कमी. सूचनांची फाईल मी नव्याने लिहिली.

ती ओळ घालायला मी विसरले.

जुलैमध्ये नळीत केळीचा खांब अडकला. प्रफुल्ल काढायला उतरला. त्याला खात्री होती, आपलं दार माणसावर पडत नाही.

भरतीची वेळ झाली... दार आपोआप पडलं.

गाव म्हणालं, पाण्याला ओढ होती, पाय सरकला, बुडाला. मी त्याच दिवशी लिंकरची यादी उघडली. टाकलेल्या तुकड्यांत पहिलंच नाव 'माणूस_तपास'.

मी ते कुणालाही सांगितलं नाही. चूक दुरुस्तही केली नाही. केली असती तर कुणीतरी विचारलं असतं, काय बदललंस? दार आपोआप पडणं तेवढं बंद केलं. मग बाबा आत डोकावून, बटण दाबून पाडायचे. किती नीच वागले मी, मला माहीत आहे.

तर ती सकाळ.

बाबांनी हाक मारली. "काय गो सुचिता, दार का न्हाय पडत? भरती लागली हाय."

मी लॅपटॉप घेऊन बांधावर गेले. बटण दाबलं. मोटर गप्प. हाताने फिरवायचं हँडलही हलेना.

एरवी त्या वेळी बांधावर बगळ्यांची रांग असते. एकही नव्हता.

मग मी मोटरच्या डबीवरचा डिस्प्ले पाहिला.

'आत माणूस : १'.

हा आकडा 'माणूस_तपास' मोजतो. आणि तो तुकडा प्रोग्राममध्ये नव्हता... आकडा शून्याच्या पुढे जाणं शक्यच नव्हतं.

मी वाकून नळीत पाहिलं. रिकामी. खाडीचं पाणी नुकतं आत वळत होतं.

लॅपटॉप जोडला. प्रोग्राम नव्याने बनवला. यादी पाहिली. 'माणूस_तपास' टाकलेल्यांतच होता. तो प्रोग्राम चिपमध्ये भरला. डिस्प्ले विझला, पुन्हा पेटला.

'आत माणूस : १'.

आणि नळीतून आवाज आला.

ठक... ठक...

लोखंडावर बोटाचं हाड आपटावं तसा. आतून.

मी मान खाली घालून बटण दाबतच राहिले. पड ना, पड ना, एवढंच डोक्यात. पलीकडे अख्ख्या गावाचं भात उभं होतं.

डिस्प्ले बदलला.

'आत माणूस : २'.

"बाबा?"

बाबा बांधावर नव्हते.

"आडकलाय काय तं बघतंय गो!" आवाज नळीतून आला. ते मागच्या बाजूने उतरले होते. दाराच्या बरोबर खाली कमरेएवढ्या पाण्यात उभे होते... आणि माझं बोट बटणावर होतं.

मी हात मागे घेतला. किंचाळले. "बाबा, वर या! आधी वर या!"

ते चिडून वर आले. "वराडतेस कशाला? आत कोन न्हाय."

'आत माणूस : १'.

पाणी आता शेताच्या पाटात शिरायला लागलं होतं. बाबा रडकुंडीला आले होते. त्यांना मी तसं कधी पाहिलं नव्हतं.

मग मी बाबांच्या देखत बोलले.

"प्रफुल्ल, चूक माझी होती. तुझा तुकडा माझ्यामुळे गेला. मी लपवलं. आता बाहेर ये रे... गावाचं भात जाईल."



मग पाण्यात खळबळ झाली. बांधाच्या दगडांवर एकामागून एक पावलाचा ओला ठसा उमटत वर आला. माझ्या शेजारून गेला. मला खाऱ्या चिखलाचा वास आला.

'आत माणूस : ०'.

मोटर सुरू झाली. दार खाली बसलं. भात वाचलं.

बाबा माझ्याकडे वळले. "तुळसाला सांग," एवढंच म्हणाले. "आजच सांग."

तुळसाकाकी म्हणजे प्रफुल्लची आई. घरी एकटीच असते. मी तशीच चिखलाच्या पायांनी तिच्याकडे गेले. वाटेत मनात वाक्यं जुळवत होते.

ती ओटीवर फडकं घेऊन बसली होती.

"ये गो बाय. बघ ना, आताच दार वाजलं. उघडलं, तं कोन न्हाय. आनी ह्यो चिखल बघ, पार चुलीपर्यंत गेलाय. कोनाचा आसल गो?"

पावलं आत जाणारी होती. परत येणारी नव्हती.

मी तिच्या हातातलं फडकं घेतलं. फरशी पुसली. चहा प्यायले.

आणि काही न सांगता घरी आले.

बाबांना म्हणाले, सांगितलं. त्यांनी विश्वास ठेवला.

उघाडीच्या प्रोग्राममध्ये ती ओळ मी त्याच दिवशी घातली. तो तुकडा आता तिथे आहे. ते ठीकच आहे. पण मी बनवते त्या दुसऱ्या प्रत्येक प्रोग्राममध्येही तो आहे. माणगावच्या दुधाच्या टाकीचा प्रोग्राम केला, त्यात आहे. काशीदच्या एका हॉटेलच्या पंपाचा केला, त्यातही. लायब्ररीतून तो काढून टाकला. लॅपटॉप बदलला. तरी यादीत 'माणूस_तपास' येतोच, घेतलेल्यांमध्ये.

लिंकर उगाच काही घेत नाही. म्हणून परवा मी यादीचा शेवटचा भाग वाचला. कुणी कुणाला बोलावलं, तो. इतके महिने मी तो टाळत होते.

'माणूस_तपास'समोर एकच फाईल होती. मी लिहिलेली. मी ती उघडून ओळ न् ओळ वाचली. तिच्यात प्रफुल्लच्या तुकड्याचं नाव कुठेही नाही.

तरी लिंकर म्हणतो, त्याला मीच बोलावते आहे.

तुळसाकाकी काल बाजारात भेटली. बरी दिसत होती. म्हणाली, आता घरात एकटं वाटत न्हाय.

मी अजून तिला सांगितलेलं नाही.