आजीच्या नावावर

आजी गेल्यावरचं पुण्यानुमोदन रविवारी होतं आणि सोमवारी मला नळदुर्गला मुलींच्या वसतिगृहात गृहपाल म्हणून हजर व्हायचं होतं. वय त्रेचाळीस, आयुष्यातली पहिली नोकरी, तीही अकरा महिन्यांच्या करारावर. सोमवारी आला नाहीत तर यादीतल्या पुढच्या बाईंना घेऊ, हे त्यांनी फोनवर दोनदा बजावलं होतं. मी बॅग भरून ठेवली होती. काही राहिलं असेल तर राहू दे म्हणून चेनसुद्धा ओढून टाकली होती.

सुमनबाई म्हणजे माझ्या वडिलांची आई. त्र्याण्णव वर्षं जगली. रानात राबून, खडी फोडून तिनं चार लेकरं शिकवली. मुरुमच्या आमच्या गल्लीत कुणाचं बाळंतपण असो की मयत, ती सगळ्यांच्या आधी दारात. शेवटची सतरा वर्षं मात्र अंथरुणात गेली. न्हाणीत घसरली, खुबा मोडला आणि पुन्हा काही उभी राहिली नाही. आई-वडील तेव्हा नव्हते, काका-आत्या आपापल्या संसारात, थोरला भाऊ अमृत पुण्यात नोकरीला. मग राहिलं कोण? मी. सव्वीस वर्षांची होते. तिचं हगणं-मुतणं, भरवणं, न्हाऊ घालणं, पडून पडून माकडहाडावर झालेली जखम धुणं, सगळं मी केलं. मला ती फार आवडायची, आणि मी तिला विटलेही होते. दोन्ही खरं आहे, आता लपवून काय करायचंय?

आमच्या घरात अंगात येणं, करणी, भानामती असलं काही चालत नाही. आजीनंच ते घरातनं हद्दपार केलं होतं. म्हणून जे झालं ते झालं तसंच सांगते.

मांडव विहारापुढं घातला होता. एप्रिलचं ऊन पांढऱ्या कापडातनं खाली उतरत होतं आणि बाबासाहेबांच्या फोटोपुढच्या मेणबत्त्या उष्म्यानं वाकल्या होत्या. वंदना झाली, पंचशील झालं, मागं खिरीला उकळी आल्याचा वास सुटला. मग माईक. आमच्याकडं बोलायला उठलेला माणूस लवकर बसत नाही, म्हणून प्रसेनजित गुरुजींनी आधीच सांगून टाकलं की प्रत्येकानं सुमनबाईंची एकच आठवण सांगायची. शेवटी घरच्यांच्या वतीनं मी बोलणार होते. चार ओळी लिहून कागद ओच्यात खोचला होता.

शेजारच्या प्रेमाबाई आधी उठल्या. म्हणाल्या, कोरोनात आमचं घर बांबू लावून बंद केलं होतं, सख्खा दीर फिरकला नाही, पण सुमनबाई रोज अकरा वाजता भिंतीवर भाकरी अन् पिठलं ठेवून जायची. सांगताना त्यांना रडू आलं.

ती भाकरी मी ठेवायचे. आजीला तेव्हा उठून बसताही येत नव्हतं. पण अशा दिवशी घरातल्या मोठ्या माणसाच्या नावावर चार गोष्टी जास्त चढतात, त्यात काय एवढं? मी मान डोलावली.

मग एसटीतनं रिटायर झालेले बाबूकाका. गेल्या वर्षी उमरग्याच्या स्टँडवर त्यांना भोवळ आली, तेव्हा सुमनबाईनं तोंडावर पाणी मारलं, रिक्षात घालून दवाखान्यात नेलं, लेक येईपर्यंत उशाशी बसून राहिली. मी शेजारी बसलेल्या अमृतकडं पाहिलं. आजीचं औषध आणायला त्या दिवशी उमरग्याला मी गेले होते. काकांनी माझ्या पदरावर ओकारी केली होती, ती मी नळाखाली धुतली होती. हळूच म्हटलं, "दादा, अरे आजी गेल्या वर्षी अंथरुणात होती."

अमृत म्हणाला, "तू लई दमलीस, वृषाली. पाणी पी."

तिसरा तोच उठला. बारावीच्या ऑक्टोबरच्या परीक्षेतही नापास झाल्यावर तो दोन दिवस तुरीच्या रानात लपला होता. अण्णांच्या, म्हणजे आमच्या वडिलांच्या, भीतीनं घरी यायला तयार नव्हता. आजी तिथं रोज डबा घेऊन यायची, म्हणाला, आणि तिसऱ्या दिवशी हाताला धरून घरी घेऊन आली. डबा मी न्यायचे. मी चौदा वर्षांची होते, तुरीच्या शेंगा अंगाला चिकट लागायच्या आणि कुणाला सांगणार नाहीस म्हणून अमृतनं मला गळ्याची शपथ घातली होती. आजीला यातलं काही ठाऊकच नव्हतं. तो खोटं बोलत नव्हता. खोटं बोलताना तो कान चोळतो. त्याचे दोन्ही हात माईकवर होते.

मला राग आला. खरं सांगते, एवढा राग मला सतरा वर्षांत आला नव्हता. राबले मी आणि ओवाळणी तिची. ती मेली तरी माझं माझ्याकडं काही ठेवायचं नाही का हिला? मग लाजही वाटली.

तेवढ्यात मागनं एक अनोळखी बाई आली. पातळ पांढरं, पायात प्लास्टिकच्या चपला. माकणीची आहे म्हणाली, नाव हरणाबाई, शेळ्या राखते. सुमनबाईंना एकदाच पाहिलं, फलकावरचा फोटो ओळखला म्हणून आले.

"धरणाच्या भिंतीवर हुबी हुती," ती म्हणाली. "चपला काढून बाजूला ठिवल्या हुत्या. म्या म्हन्लं, काय बघती बाई? तर म्हन्ली, पाणी लई खाली गेलंय. मग चपला घातल्या अन् गेली माघारी."

मला पायाखाली ती तापलेली भिंत लागली. तेव्हा आजी न्हाणीत पडल्याला महिना झाला होता. उदगीरच्या स्थळाला मी नकार कळवला होता आणि कुणाला न सांगता एसटीनं माकणीला गेले होते. हे मी कुणालाही सांगितलेलं नाही. आजीलाही नाही.

गुरुजींनी माझं नाव पुकारलं नाही. आभाराची चिठ्ठी हातात घेऊन ते माईककडं निघाले होते.

मी उठले. लिहिलेल्या चार ओळी आता कामाच्या नव्हत्या. भाकरी माझी, डबा माझा, ती भिंत माझी. एवढंच बोलायचं, घरी जायचं, बॅग उचलायची.

माईक धरला. आणि माझं म्हणून जे काही सांगायचं होतं, ते आठवेना.

कोरोना आठवेना. तुरीचं रान आठवेना. स्वतःच्या आईचा चेहरा आठवेना.

आठवत होतं ते वेगळंच. डोक्यावर पाटी. पाटीत फडक्यात बांधलेले घरातले देव. पितळेचे, लई जड. मागनं रडत येणारी सासू. ओढ्याचं गार पाणी पोटरीला लागलं होतं आणि मान इतकी दुखत होती की कधी एकदा टाकते असं झालं होतं.

"म्या चोवीस वर्सांची हुते," मी म्हणाले. "धम्म घेतला तवा घरातले देव वढ्यात सोडाया म्याच गेले."

कुणी दचकलं नाही. म्हाताऱ्या बाया मान हलवत होत्या. व्हय, व्हय, असंच झालं हुतं.

समोर हार घातलेला फोटो होता. त्याच्याकडं मी पाहिलं नाही.

खाली बसायला गेले तर गुडघे वळेनात. अमृत मांडवाच्या कडेला फोनवर बोलत होता. फोन ठेवून तो गुरुजींना म्हणाला, "नळदुर्गहून होता. वृषाली म्हणून कुणी उद्या हजर होणार हाय का, विचारत होते. म्या म्हणलं, आमच्यात या नावाचं कुणी न्हाय."

मी त्याच्याकडं हात केला.

अमृतची लेक श्रावस्ती उठून माझ्याकडं आली. एकोणीस वर्षांची पोर, कालच पुण्याहून आलेली, दुसऱ्या दिवशी तिचा पेपर होता. तिनं ओढणी कमरेला बांधली.

"हळू," ती म्हणाली. "घाई नाहीये."

तिनं मला डाव्या बगलेतनं उचललं. दुसरा हात पाठीमागनं घातला, तो माकडहाडावरच्या जखमेला धक्का लागू न देता.

सकाळी मी अंघोळ केली तेव्हा तिथं जखम नव्हती.