उघडी जाळी

केवळरामचं दुकान गडचिरोलीत चांद्याच्या रस्त्यावर होतं. दुकान म्हणजे काय, बांबूच्या तट्ट्यांच्या तीन भिंती, वर कवेलूंचं छप्पर, आणि मागे लागूनच घर. सायकली, भातगिरणीची इंजिनं, तेंदूच्या ठेकेदाराचा ट्रक, जे येईल ते तो दुरुस्त करी. पण त्याचा खरा नाद वेगळाच होता. कुठल्याही गाडीचा हवा गाळायचा डबा हाती आला, की तो आतली जाळी पेट्रोलमध्ये बुडवायचा, पांढऱ्या ताटलीत झटकायचा आणि तळाशी काय बसतं ते बघत राहायचा. काळी भुकटी म्हणजे गाडी घुग्घुसच्या कोळशातून आली. तांबडी म्हणजे मुरूम, चमचमणारी म्हणजे वैनगंगेची रेती. मालकानं मार्कंड्याला दर्शनाला गेलो होतो म्हणून थाप मारावी आणि केवळरामनं ताटली पुढे करून विचारावं, "मंग हा कोळसा का महादेवानं परसाद म्हणून देला?" यात त्याला जे सुख होतं ते मजुरीत नव्हतं.

त्याच्या नेहमीच्या गिऱ्हाइकांत गुणवंतराव होते. देवीची लस टोचणारे सरकारी नोकर, पण लोक त्यांना डॉक्टरच म्हणत. त्यांच्याकडे लढाईनंतर लिलावात निघालेली सव्वाशे सीसीची विलायती फटफटी होती. लसीच्या काचेच्या नळ्या थर्मासात बर्फावर ठेवायच्या आणि बर्फ विरघळायच्या आत जंगलातली गावं गाठायची, असं त्यांचं काम. सत्तावन्न सालच्या मार्चात ऊन इतकं चढलं की बर्फाचं निम्म्या वाटेतच पाणी व्हायला लागलं, आणि फटफटी तर रेतीच्या चढावर धापा टाकत उभीच राही.

"दम कोंडून राह्यला तिचा," केवळराम म्हणाला. "हा डबाच काढून टाकतो. मायाजवळ उघडी जाळी हाय, नागपूरच्या कबाडातली."

त्यानं पत्र्याचा बंद डबा काढला, कार्बोरेटरच्या तोंडावर मुठीएवढी गोल, उघडी जाळी चढवून पट्टा आवळला. हवा जास्त जाणार म्हणजे पेट्रोलही जास्त पाहिजे, म्हणून सुई एक खाच वर घेतली. मग किक मारली. आधी नुसती फटफट होती. आता तिच्याखालून दुसरा आवाज निघाला, हवा ओढण्याचा, धाप लागलेलं माणूस तोंडानं श्वास ओढतं तसा. गाडी अशी उसळली की गुणवंतराव पोराटोरासारखे हसले.

"एक आयका डाक्टर," केवळरामनं बजावलं. "उघडं तोंड हाय. ओढते तशी थोडं मागं थुकते पण. दर फेरीले जाळी धुवाले आणा."

घरात मात्र या डॉक्टरांचं एक काम कायमचं अडून होतं. केवळरामची मुलगी प्रेमिला अडीच वर्षांची झाली होती आणि तिला टोचलेलं नव्हतं. तिच्याआधीचा मुलगा टोचल्यानंतर सहाव्या दिवशी तापानं गेला होता. तो हिवताप होता, लसीचा काही संबंध नव्हता, असं गुणवंतराव गळा आटेस्तोवर सांगत. इंदिराबाई त्यांना गुळाचा चहा देई, पण मुलीला दंडाला धरून आत नेई.

"दुनियेच्या लेकरायले टोचून राह्यलो," गुणवंतराव कुरकुरत, "अन् तुमच्याच घरी माई टोचायची चक्री चालत नाई, बाई."

"त्या चक्रीनं माया एक गेला," इंदिराबाई म्हणे. तिथं बोलणं संपे. केवळराम दोघांच्या मध्ये उभा राहून कोणाचीच बाजू घेत नसे, आणि हे त्याला मनातून खाई. देवीची साथ अहेरीकडून वर सरकत होती, आणि त्याचं लेकरू उघडं होतं.

पहिल्या फेरीनंतर जाळी धुतली तेव्हा ताटलीत मुरूम बसला, रेती बसली, आणि वर कडुनिंबाच्या पानांचा हिरवा चुरा तरंगला. पेट्रोलला पिवळी झाक आली होती. केवळरामनं बोट बुडवून हुंगलं. हळद. देवी निघालेल्या घरात दारावर कडुनिंबाचे डहाळे टांगतात, रोग्याला हळद लावतात, हे त्याला माहीत होतं.

"कोणाच्या घरी देवी होत्या का?"

"छ्या," गुणवंतराव म्हणाले. "कोसमटोल्याले गेलतो. एकाले साधा ताप नाई."

आठव्या दिवशी कोसमटोल्याचा पोचू नावाचा कोतवाल सायकल हाणत आला. तीन घरांत देवी निघाल्या होत्या.

केवळरामनं स्वतःची समजूत घातली. कोणीतरी आधीच लपवलं असेल, लोक लपवतात. पण पुढच्या फेरीत येरंडी गावाच्या वाटेनं तेच झालं. ताटलीत कडुनिंब आणि हळद, गावात सगळे ठणठणीत, आणि आठ-दहा दिवसांनी देवी. तिसऱ्यांदा गुणवंतरावच गाडी उभी केल्याबरोबर विचारू लागले, "पाह्य बरं, ताटलीत काय हाय?" ताटलीत कडुनिंब-हळद निघाली की त्या फेरीतल्या गावी ते उलट पावली जाऊन सगळ्यांना टोचत. असं टोचलेल्या दोन गावांत एकही माणूस दगावलं नाही. ते खुशीत होते. सरकारला सांगता येणार नाही, पण असं यंत्र कोणाजवळ नाही, म्हणत.

केवळरामला मात्र झोप लागेना. जेवताना तो मध्येच उठून दुकानात जाई, जाळीकडे बघून परत येई. ही जाळी देवीचा माग काढते, की एका गावात ओढून दुसऱ्या गावात थुंकते? तोंड उघडं कोणी केलं होतं? त्यानंच. हे तो गुणवंतरावांपुढं बोलला नाही. मेकॅनिकनं असं बोलायचं नसतं.

एप्रिलात गुणवंतराव लस आणायला मोटारनं चांद्याला गेले आणि फटफटी केवळरामच्या अंगणात राहिली. त्यानं जाळी दोनदा धुतली. ताटलीतलं पेट्रोल स्वच्छ होतं. मग सुई जुळवायला म्हणून दहा मिनिटं इंजिन चालवलं. गाडी जागची हलली नाही. आवाज ऐकून प्रेमिला धावत आली आणि जाळीसमोर उकिडवी बसली. तिच्या कपाळावरच्या बटा जाळीकडे ओढल्या जात होत्या. ती हसत होती. त्यानं इंजिन बंद केलं.

जाळी काढली. धुतली.

ताटलीत कडुनिंब होता. हळद होती. त्याच्या घराजवळ कडुनिंबाचं झाड नव्हतं.

तो ताटली तशीच धरून आत गेला. इंदिराबाई तांदूळ निवडत होती. त्यानं काही सांगायच्या आधीच तिनं मान वर केली, नाक आकसलं आणि तिचा चेहरा उतरला.

"हा वास कुठून आला?"

"जाळीतून."

"पोरगा आजारी होता तवा म्या त्याले हेच लावलं होतं," ती म्हणाली. "कडुनिंबाचा पाला अन् हळद वाटून. घरात हाच वास भरला होता." तिनं प्रेमिलाला मांडीवर ओढून घेतलं, इतकं आवळून की पोर कळवळली. "डाक्टर कवा येतीन?"

"उद्या."

"टोचा म्हणा. अवो, टोचा म्हणा तिले. माया हातानं धरतो मी."

ती रडली नाही. केवळराम मात्र अंगणात जाऊन रडला.

त्यानं जाळी पुन्हा धुतली, उन्हात वाळवली, फडक्यात बांधली आणि घरातल्या खुंटीला अडकवली. फटफटीला जुना बंद डबा चढवला. गुणवंतराव आले, गाडी पाहून चिडले, पण इंदिराबाईनं मुलीचा दंड पुढे केला तेव्हा भांडण सोडून त्यांनी लसीचा थर्मास उघडला. त्या सकाळी एकाच नळीतल्या लसीनं त्यांनी गल्लीतल्या अकरा लेकरांना टोचलं, बारावी प्रेमिला.

मग वाट बघणं सुरू झालं. ताप येतो का, म्हणून इंदिराबाई तासातासाला कपाळ चाचपे. ताप आला नाही. एका दुपारी वारा अगदी पडलेला असताना तिनं केवळरामला हाक मारली. खुंटीवरच्या गाठोड्याचं फडकं मध्येच आत ओढल्यासारखं खोल गेलं होतं. बघता बघता ते सैल झालं.

"उंदीर असन," केवळराम म्हणाला. गाठोडं सोडून बघायची त्याची छाती झाली नाही.

आठव्या दिवशी गुणवंतराव दंड बघायला आले. अकरा दंडांवर लस लागल्याचे टपोरे फोड उठले होते. प्रेमिलाचा दंड गुळगुळीत होता.

त्यांनी दुसऱ्या दंडावर टोचलं, दोन जागी. आठ दिवसांनी तोही गुळगुळीत.

"दोनच कारणं असतात," ते म्हणाले. ते बोटानं तिचा दंड दाबून बघत होते. "एक म्हणजे लस मेली. पण बाकीच्या अकरांचं उठलं."

"अन् दुसरं?" केवळरामनं विचारलं.

गुणवंतराव इंदिराबाईकडे वळले. "बाई, खरं सांगा. पोरीले देवी कवा येऊन गेल्या?"

"कवाच नाई."

"आल्या असतीन. अंगावर देवी येऊन गेल्या का मंगच लस उठत नाई."

"माया डोयापुढं असते ती. कवाच नाई."

त्यांनी प्रेमिलाला उन्हात नेलं. गाल पाहिले, कपाळ पाहिलं, तळहात, तळपाय पाहिले. कुठं एक वण नव्हता.

केवळरामनं खुंटीवरचं गाठोडं काढलं. गाठ सोडली. स्वतः धुऊन ठेवलेली, सतरा दिवस कशालाच न जोडलेली जाळी त्यानं पेट्रोलमध्ये बुडवली आणि ताटलीत झटकली.

तळाशी तांबूस-काळे, गोल, मसुराएवढे पापुद्रे बसले. खूप होते.

गुणवंतरावांनी एक चिमट्यानं उचलून उजेडात धरला. पालथा करून पुन्हा पाहिला.

"खपल्या हायेत," ते म्हणाले. "देवी उतरल्या का गळतात त्या." मग आणखी हळू, "लहान लेकराच्या."

इंदिराबाईनं प्रेमिलाला कडेवर घेतलं होतं. पोर वाकली आणि तिनं ताटलीकडे हात पुढे केला.

"माह्या हायेत," ती म्हणाली. "दे."