जिन्यातल्या प्राण्याचं वर्णन

चौथीच्या बाईंना वर्णनाच्या वह्यांचा अगदी वीट आला होता. दर वर्षी तेच. माझा आवडता प्राणी कुत्रा, त्याला चार पाय असतात, तो इमानी असतो, आणि खाली ओळी उरल्याच तर त्याला एक शेपूटही असते. अठ्ठावीस मुलं, अठ्ठावीस कुत्रे, आणि त्यातला एक तरी डोळ्यांपुढे उभा राहील तर शपथ. म्हणून या वर्षी बाईंनी ठरवलं, कुत्राबित्रा काही नाही. कुणीच बघितला नाही असा प्राणी रचायचा, आणि असा लिहायचा की शेजारच्याला नुसतं वाचून त्याचं चित्र काढता आलं पाहिजे.

मुलं हरखून गेली. एकाचा प्राणी पोटातून घोरायचा, एकीच्या प्राण्याला शिंगांत मोजे घालावे लागायचे. ज्या मुलाला सगळे रेडिओ म्हणायचे, कारण त्याचं तोंड म्हणून मिटायचं नाही, त्याने गणिताच्या वह्या खाणारा प्राणी लिहिला आणि गृहपाठ का नाही याचं कारण म्हणून तोच पुढे केला. बाई पोट धरून हसल्या. मागच्या बाकावरची त्यांची लेकही हसली. ती पहिलीत, तिचा वर्ग लवकर सुटायचा, मग आईचं आटपेपर्यंत ती तिथेच चित्रं काढत बसायची. बाबा नोकरीला परगावी, शुक्रवारी संध्याकाळच्या बसने यायचे. बाकी आठवडाभर मायलेकी दोघीच.

एक गोष्ट बाई मुलांना सारखी बजावत. मनाने लिहायचं म्हणजे हवेत लिहायचं नाही. आधी नीट बघा, मग लिहा.

दुसऱ्या आठवड्याच्या वह्या घेऊन त्या शिक्षकखोलीत बसल्या. पहिल्या वहीतला प्राणी शाळेच्या जिन्यात राहत होता. दारापेक्षा उंच, म्हणून वाकलेला. अंगाला ओल्या फडक्याचा वास. चालला की पायरीवरून दप्तर ओढल्यासारखा आवाज. वा, बाई म्हणाल्या, आणि लाल पेनाने शेरा दिला. दुसऱ्या वहीतला प्राणीही जिन्यातच होता. तोही वाकलेला, त्यालाही तोच वास. तिसरीतही तोच, दहावीतही तोच. बाईंचं टाळकं सरकलं. सगळ्या वर्गाने एकाचं बघून उतरवलं होतं, आणि तेही धड नाही, कारण चेहऱ्याचं वर्णन एकाही वहीत नव्हतं. चेहऱ्याच्या जागी सगळ्यांनी एक ओळ कोरी सोडली होती. अठ्ठावीस वह्यांत अठ्ठावीस कोऱ्या ओळी.

शुक्रवारी शेवटच्या तासाला त्यांनी वर्गाला चांगलंच फैलावर घेतलं. बाहेर आभाळ भरून आलेलं, वर्गात दिवे लावावे लागले होते. शेवटी बाईंनी रेडिओला टेबलाशी बोलावलं. हा पोरगा कधी हळू बोलत नसे. आज मात्र बाईंना कान जवळ न्यावा लागला.

"बघून नाही उतरवलं, बाई. म्हणजे... एकमेकांचं नाही. तुम्हीच म्हणालात ना, नीट बघून लिहा."

"मग चेहरा का सोडला?"

"त्याला चेहरा नाहीये, बाई. म्हणून तो जिन्यातच राहतो. चेहरा नसला की कुणी घरी नेत नाही." त्याने एकदा दाराकडे बघितलं. "तुम्ही पण नका लिहू..."

बाईंना त्या क्षणी भीती वाटली, हे खरं. पण वर्गासमोर शिक्षकाला भीती वाटली की ती रागाच्याच रूपाने बाहेर पडते. नसते चाळे पुरेत, त्या म्हणाल्या, चेहऱ्याचं वर्णन कसं करतात ते आता मीच दाखवते. आणि खडू घेऊन फळ्याकडे वळल्या.

लिहायला बसलं की ओळखीचंच माणूस आधी सुचतं. त्यांनी मागच्या बाकाकडे एक नजर टाकली आणि लिहीत सुटल्या. कपाळ रुंद. भुवया मधोमध जवळजवळ जुळलेल्या. हसताना उजवा डोळा जरा जास्त बारीक होतो. वरचा एक दात पडलेला. हनुवटीवर तिरकी बारीक खूण. केस मोकळे, खांद्यापर्यंत. लिहिताना त्यांना स्वतःचंच कौतुक वाटलं. वर्णन असं, की अनोळखी माणसानेही शंभरांतून पोर ओळखावी.

मागे वळल्या तर सगळ्या पेन्सिली बाकांवर पडलेल्या.

"उतरवून घ्या," बाई करड्या आवाजात म्हणाल्या.

चौथीची मुलं ती. बाई म्हणाल्या की लिहायचं, एवढंच त्यांना ठाऊक. खाली माना घालून त्यांनी आपापली कोरी ओळ भरली. पहिल्या बाकावरची मुलगी लिहिता लिहिता रडत होती.

घंटा झाली तशी मुलं न ओरडता, न धक्काबुक्की करता निघून गेली. असं कधीच होत नसे. बाई पाठमोऱ्या उभ्या राहून फळा पुसू लागल्या, आणि पुसता पुसता त्यांना चरचरून जाणवलं की आपण हे काय करून बसलो. पोटच्या पोरीचा चेहरा आपण कुणाला देऊन टाकला... फळ्यावरचा पुसला, पण वह्यांतला? तो तर अठ्ठावीस घरी निघाला होता.

त्या गर्रकन वळल्या. लेक दप्तर पाठीला लावून टेबलाशी उभी होती. बाईंचा जीव भांड्यात पडला. त्यांनी तिला पोटाशी धरलं.

आणि जिन्यातून आवाज आला. पायरीवरून दप्तर ओढल्याचा. एक पायरी. थांबणं. मग दुसरी.

"आई... आई, चल ना घरी."

आवाज हुबेहूब लेकीचा. कवेतली पोर मात्र शांतपणे त्यांच्या तोंडाकडे बघत होती. बाईंनी धावत जाऊन दार लावलं, कडी घातली. बाहेरून दारावर थापा पडल्या, लहान हाताच्या. "आई, उघड ना... मी पाणी प्यायला गेले होते..." बाईंनी लेकीला उचललं, मागच्या दाराने लोखंडी जिना गाठला आणि मागच्या फाटकातून जे पळत सुटल्या ते थेट घरात.

घराला कुलूप आतून घातलं. सगळे दिवे लावले. लेकीला मांडीवर घेऊन बसल्या, तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. वाचलो, त्या स्वतःला सांगत होत्या, पोर हाती लागली, बाकी काही का होईना. ओल्या फडक्याचा वास अजून येत होता. फळा पुसलेले हात धुवायचे राहिले असतील, असं त्यांना वाटलं.

तेवढ्यात फोन वाजला. बाबांचा.

"अगं, कुठे आहेस तू? बसमधून उतरलो तर ही शाळेच्या फाटकाशी एकटी रडत बसलेली. म्हणते, आईने मला बघून दार लावून घेतलं... बोलत का नाहीस? आम्ही कोपऱ्यावर आलोय, दार उघड."

बाईंच्या हातून फोन निसटला. जमिनीवर आपटून केवढा तरी आवाज झाला. मांडीवरची पोर दचकलीसुद्धा नाही. तिचे डोळे बाईंच्या ओठांवर होते, ते काय म्हणतात याची वाट बघत.

बाईंनी मनातल्या मनात फळा पुन्हा वाचला. कपाळ, भुवया, डोळे, दात, हनुवटी, केस. मग त्यांनी तिचे केस बाजूला सारले. कान असायला हवा तिथे गालाची कातडी तशीच सलग मागे गेली होती, गुळगुळीत. दुसऱ्या बाजूलाही तेच.

दारावरची बेल वाजली. पुन्हा वाजली. बाहेरून बाबांनी हाक मारली, आणि त्यांच्यामागून रडून घोगऱ्या झालेल्या आवाजात लेकीने.

मांडीवरचीला त्यातलं काहीच कळलं नाही. ती हसली, उजवा डोळा बारीक झाला. दप्तरातून तिने एक कोरी वही काढली, बाईंच्या हातात पेन्सिल दिली, आणि एक बोट केसांखालच्या त्या कातडीवर ठेवलं.

"आई, एवढं राहिलं," ती म्हणाली. "लिही ना."