शामूआबांची धाकधूक

दगडोबा तालीम मंडळानं यंदाची फुटबॉल लीग जिंकली.

हे वाक्य तुम्ही वाचलेलं नाही. कुणी विचारलंच तर 'यंदा दगडोबाचं काही खरं नाही' एवढं म्हणायचं आणि जमल्यास कपाळाला हात लावायचा. का, ते पुढे येईलच. तूर्त लीग सुरू व्हायची आहे, कुणीही काहीही जिंकलेलं नाही, आणि कोल्हापुरातल्या टेकडीवरच्या जमावज्ञान प्रयोगशाळेत डॉ. केतकी सरनोबत एका चुकलेल्या आलेखासमोर बसली आहे.

आलेख सकाळपासून चुकलेला होता. खाली शहरात स्वयंरिक्षा विनाचालक फिरत होत्या आणि चालक असल्यासारख्याच उलट्या बाजूनं घुसत होत्या. शहराच्या मधोमध मैदानाचा हिरवा चौकोन दिसत होता. त्या चौकोनात येत्या हंगामात काय होणार, हे आधीच काढून देणारं यंत्र केतकीनं बनवलं होतं. लोकांनी सांगितलेली गेल्या हंगामाची भाकितं त्याला घालून पाहिली, तर बाकी सगळ्या तालमींचा, म्हणजे पेठापेठांच्या संघांचा, आपसातला क्रम त्यानं बिनचूक सांगितला. फक्त दगडोबा तालमीला शेवटचा नंबर दिला. प्रत्यक्षात ती तिसरी आली होती.

"पहिल्यापासून मांडू," इम्तियाज शिकलगार म्हणाला. तो प्रयोगशाळेचा संख्याशास्त्रज्ञ, आणि जन्मानं, संगतीनं व उजव्या पायाच्या जुन्या फ्रॅक्चरनं जुनी मोट तालमीचा. म्हणजे दगडोबाचा पिढीजात वैरी. "चूक सापडत नसली की पहिल्यापासून मांडायचं. जत्रेत बरणी ठेवली. आत गोट्या किती, ते हजार माणसांना विचारलं."

"एकाचंही बरोबर येत नाही," केतकी म्हणाली. "पण सरासरी जवळजवळ नेमकी येते. कुणी जास्त सांगतं, कुणी कमी. चुका एकमेकींना खाऊन टाकतात."

"फुटबॉलमध्ये का खात नाहीत?"

"कारण बरणी कुणाची लाडकी नसते. तालीम असते. चाहत्याला अंदाज विचारला की तो इच्छा सांगतो."

"म्हणून हा धाकधूक-पट्टा." इम्तियाजनं टेबलावरचा मनगटपट्टा उचलला. "माणूस भाकीत सांगत असताना त्याची नाडी, घाम, श्वास सगळं मोजतो. जेवढी धाकधूक जास्त, तेवढी भाकितात मायेची भेसळ जास्त. मग आपली निष्ठागाळणी ती भेसळ वजा करते, आणि खाली उरतं ते निव्वळ ज्ञान. बरोबर?"

"आणि जेवढी धाकधूक, तेवढं त्या माणसाच्या मताला वजन. ज्याचा जीव अडकलाय तोच गोलकीपरचा दुखरा अंगठा लक्षात ठेवतो. ज्याला धाकधूकच नाही तो ऐकीव बोलतो. त्याचं वजन शून्य."

"सगळं बरोबर आहे," इम्तियाज म्हणाला. "म्हणजे यंत्र ठीक आहे, तुझी पेठ बिघडलीय. हे मी लहानपणापासून सांगतोय."

केतकी हसली नाही. या यंत्रामागचं खरं कारण अनुदानाच्या अर्जात नव्हतं. तिच्या वडिलांच्या हृदयात मागच्या वर्षी डॉक्टरांनी स्प्रिंग बसवली होती आणि सांगितलं होतं, दगदग चालेल, धाकधूक नको. वडिलांनी विचारलं होतं, "मग लीगचं काय?" डॉक्टरही त्याच पेठेतले, त्यामुळे ते खिडकीबाहेर बघत बसले. निकाल आधीच कळला तर माणूस निवांत मॅच बघेल, एवढा साधा विचार करून केतकीनं तीन खोल्या भरतील एवढी यंत्रं उभी केली होती.

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा शामराव सरनोबत, म्हणजे पेठेचे शामूआबा, सोप्यात बसून फेटा झटकत होते. तिनं त्यांच्या मनगटाला पट्टा बांधला.

"आबा, यंदा लीगमध्ये काय होणार?"

"शेवटून पहिलं," आबा म्हणाले.

"डिफेन्स?"

"डिफेन्स कसला, धोतर वाळत घातल्यालं हाय. कुणीबी खालनं जातंय."

"आणि तो उचगावचा नवीन पोरगा? फॉरवर्ड?"

"त्याला दोन पाय हायत. ह्याच्यापुढं मी काय बोलणार न्हाई."

पट्टा लालभडक झाला होता. केतकीचं लक्ष फेट्याकडे गेलं. तो नवा होता, इस्त्रीचा होता, आणि गुलालाचा डाग पडला तरी उठून दिसेल अशा पांढऱ्या रंगाचा होता.

"फेटा कशाला काढलाय?"

"कसर लागलीया का बघाय."

"नव्या फेट्याला?"

"नव्यालाच लागती," आबा म्हणाले आणि कपाळाला हात लावला.

तिथं केतकीला तिची चूक सापडली. ही चूक दगडोबाच्या पेठेत जन्मलेलं माणूसच करू शकलं असतं. पेठेत आपण जिंकणार असं कुणी म्हणत नाही. फार पूर्वी एकदा फायनलला लाउडस्पीकरवरून कुणीतरी 'आज कप आपलाच' म्हणालं होतं, आणि पुढच्याच मिनिटाला आपल्या गोलकीपरच्या डोक्यावर घार येऊन बसली. घार हाकलेपर्यंत मोटेचा गोल झाला. तेव्हापासून पेठेत पोर बोलायला लागलं की आधी 'काय खरं न्हाई' शिकतं. केतकीनं स्वतः दहावीचा पेपर देऊन आल्यावर 'नापास' म्हणून सांगितलं होतं आणि जिल्ह्यात पहिली आली होती. हे खोटं बोलणं आहे असं तिला कधी वाटलंच नव्हतं. पाहुणा निघाला की 'थांबा की अजून' म्हणतात, तसं ते होतं. इतर पेठांत माया भाकिताला वर ढकलते. इथं ती खाली ओढते. निष्ठागाळणी वजा करत होती, तिथं मिळवायचं होतं.

दुसऱ्या दिवशी तिनं दगडोबापुरतं वजाचं अधिक केलं. गेल्या हंगामाची दगडोबा बरोबर तिसरी आली. मग पडद्यावर येत्या हंगामाची क्रमवारी आली. इम्तियाजनं हातातला चहा खाली ठेवला.

"दगडोबा पहिली," तो म्हणाला. "मोट दुसरी. आणि हा प्रोग्रॅम मी लिहिलाय. माझ्या हातानं."

केतकी तडक घरी गेली. इतक्या वर्षांत आबांनी आपल्या तालमीला लीग जिंकताना पाहिलं नव्हतं. आता पाहणार होते, आणि तेही खुर्चीत रेलून, शेंगा खात. तिनं बातमी सांगितली.

आबांनी उठून खिडकी लावून घेतली.

"कुणाकुणाला म्हाईत हाय?"

"इम्तियाजला."

"मोटंच्या माणसाला? केते, शिकून काय केलंस ग तू?" ते खाली बसले. "बोललं गेलं. आता घार यायची."

"आबा, घारीचा काही संबंध नाही. यंत्रानं सांगितलंय. तुम्ही आता निवांत राहायचं."

आबांच्या मनगटावरचा पट्टा लालच्या पुढं गेला. त्या रंगाची सोय पट्ट्यात नव्हती, म्हणून तो बंद पडला.

तिकडे इम्तियाजनं फक्त आईला सांगितलं होतं. त्यामुळे दिवेलागणीपर्यंत अख्ख्या शहराला कळलं.

लोकांनी विश्वास ठेवला, कारण गेल्या हंगामाचं सगळं जुळलं होतं. आणि मग कोल्हापुरात पूर्वी कधी न झालेली गोष्ट झाली. शहर समाधानी झालं. दगडोबाची पेठ समाधानी, कारण जिंकणार होती. मोटेचे लोक समाधानी, कारण हरण्यात आता कुणाचा दोष उरला नव्हता. दोन पेठा एकमेकींच्या लग्नाला जाऊ लागल्या आणि तिथं दुसऱ्यांदा वाढून घेऊ लागल्या. डॉक्टरांकडे रक्तदाबाचे पेशंट कमी झाले. कट्ट्यावर कुणी वाद घालेना, चहा एका कपातच संपायला लागला, म्हणून चहावाला तेवढा कुरकुरत होता.

हंगाम सुरू झाला तशी मैदानातली गर्दी विरळ होत गेली. ठरलेलं बघायला उन्हात कोण बसणार? दगडोबाविरुद्ध उतरणारे संघ म्हणायचे, निकाल लागलेलाच आहे, गुडघा कशाला फोडून घ्यायचा. ते सभ्यपणे खेळायचे, सभ्यपणे हरायचे आणि पंचांना नमस्कार करून जायचे.

"यंत्र खरं ठरतंय की लोक ते खरं करतायत?" इम्तियाजनं एकदा विचारलं.

"दोन्हींचा आलेख सारखाच येतो," केतकी म्हणाली.

आबा मात्र एकही मॅच चुकवत नव्हते. जिन्याजवळच्या त्यांच्या जागेवर ते खिशात गलोल घेऊन बसत. अर्धं लक्ष मैदानात, अर्धं आभाळात. पेनल्टी आली की मैदानाकडे पाठ करत. केतकी शेजारी बसे, शेंगांचा पुडा पुढे करे. आबा एकही शेंग फोडत नसत.

शेवटची मॅच मोटेशी होती. पूर्वी या मॅचला पोलिसांचा जादा बंदोबस्त लागायचा. यंदा पूर्वेकडच्या गॅलरीत आबा, केतकी आणि झोपलेलं एक कुत्रं होतं. पंचांना स्वतःची शिट्टी इतकी स्पष्ट ऐकू आली की ते दचकले. खेळ बरोबरीत रेंगाळत संपत आला आणि उचगावच्या पोरानं, त्याच्या त्या दोन पायांपैकी डाव्यानं, चेंडू जाळ्यात घातला.

आबांची पाठ मैदानाकडे होती.

"केते. काय झालं?"

"गोल."

"कुणाचा?"

"आपला, आबा."

"हळू बोल." त्यांनी आभाळ एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बघितलं. शेवटची शिट्टी झाली. मग ते वळले, खाली पोरं एकमेकांशी हस्तांदोलन करत होती ते बघितलं, आणि केतकीच्या खांद्यावर डोकं ठेवून इतके रडले की कुत्रं जागं झालं. पांढरा फेटा त्यांनी पिशवीतून आणला होता. त्यावर त्यांनी स्वतःच गुलाल टाकला, कारण टाकायला दुसरं कुणी नव्हतं.

पेठेनंही विजय साजरा केला. अर्धं पोतं गुलाल उडवला आणि उरलेला दुकानदाराला परत केला. सगळे लवकर जेवून झोपले. आबा मात्र पारावर बसून पहाटेपर्यंत एकटेच हसत होते.

केतकीनं त्यांना तपासायला नेलं. डॉक्टरांनी आलेख दोनदा पाहिला. "हृदय उत्तम आहे," ते म्हणाले. "काय करता तुम्ही?" आबा म्हणाले, "काळजी."

नव्या हंगामापूर्वी परत शहरभर पट्टे बांधून भाकितं गोळा झाली. इम्तियाजनं ती यंत्रात घातली.

"सगळ्यांची धाकधूक शून्य," तो म्हणाला. "मोट, दगडोबा, सगळ्या पेठा. काय होणार ते यंत्र सांगेलच, मग आपण कशाला घाबरायचं, असं प्रत्येकाला वाटतंय. धाकधूक शून्य म्हणजे वजन शून्य. अख्ख्या शहरात वजन असलेला एकच माणूस उरलाय."

"काय म्हणाले आबा?"

"शेवटून पहिलं. यंदा तर तालीमच बंद पडणार, म्हणाले. जिंकल्यामुळं दृष्ट लागायची भीती दुप्पट झालीय. आणि त्यांची भीती आपण मिळवतो."

पडद्यावर दगडोबा पहिली होती, गेल्या वर्षीपेक्षा मोठ्या फरकानं.

"म्हणजे आबा घाबरणार, म्हणून यंत्र दगडोबा म्हणणार," केतकी सावकाश म्हणाली. "यंत्र म्हणालं की बाकीचे सभ्यपणे हरणार. दगडोबा जिंकणार. मग आबा आणखी घाबरणार."

"आणि मी मरेपर्यंत तुमच्या लग्नांत समाधानानं जेवणार," इम्तियाज म्हणाला. "केतकी, मला ते नकोय. मला मॅचच्या आदल्या दिवशी पोटात गोळा आलेला हवाय."

तिनं यंत्र बंद केलं. उपयोग झाला नाही. यंत्रात आता फक्त आबा आहेत हे शहराला कळलं होतं. लोक सरळ आबांनाच विचारायला येऊ लागले, आणि 'शेवटून पहिलं' ऐकून निश्चिंत मनानं घरी जाऊ लागले.

"एकच उपाय आहे," केतकी म्हणाली. "आबांनी एकदा मनापासून म्हणायचं की आपण जिंकणार. मनात भीती नाही, मताला वजन नाही. मग कुणालाच काही माहीत नसेल. सगळ्यांची धाकधूक परत येईल."

दोघं आबांकडे गेले. आबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. तोंड उघडलं. मग आभाळाकडे बघितलं आणि मिटलं.

"तसं म्हणाय काय न्हाई," ते म्हणाले. "पण यंदा आपलं खरंच काय खरं न्हाई."

त्यानंतरच्या आठवड्यात लीग समितीच्या कार्यालयात पुढील अर्ज दाखल झाला. तो अद्याप विचाराधीन आहे.

प्रति,
मा. सचिव, लीग समिती, कोल्हापूर.

विषय : श्री. शामराव सरनोबत यांच्या मनःस्थितीबाबत.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून जुनी मोट तालीम मंडळातर्फे विनंती करण्यात येते की, श्री. शामराव सरनोबत यांनी हंगाम सुरू होण्यापूर्वी, दोन साक्षीदारांसमक्ष, धाकधूक-पट्टा बांधून व कपाळास हात न लावता, 'यंदा आपण जिंकणार' असे मनापासून म्हणावे, असा आदेश आपल्या स्तरावरून निर्गमित व्हावा. आदेशात 'मनापासून' हा शब्द ठळक असावा. सदर आदेशाची अंमलबजावणी होईपर्यंत मैदानावर घारींना मुक्त प्रवेश देण्यात यावा व त्यांच्याकडून कोणतेही तिकीट आकारू नये, ही नम्र विनंती.