सुकरीबाईची कॅसेट

मंडईच्या जत्रेतलं नाटक दहाले सुरू होते म्हणते अन् साडेअकरा वाजले तरी पडदा हालत नाई, हे झाडीपट्टीत शेंबड्या पोट्ट्यालेही माहीत हाये. म्हणून स्टेजच्या मागं, अंधारात, मुखरूबुढ्यानं शेकोटी पेटवली अन् प्रणित, मिथुन, दिव्यानी तिघंही शेकाले बसले.

"बाबा, भुताची सांगा. पण खरी सांगा," मिथुन म्हणाला. "मागच्या खेपेची तुमची हडळ आमच्या आत्यासारखीच निघाली."

"तुह्या आत्याले आयकू गेलं त तुलेच झाडाले टांगन ते," मुखरूबुढा म्हणाला. "ही माह्या दोस्ताची हाये. बशीरभाऊची. यात हडळ नाई, वडाचं झाड नाई. मंधात खीखी केलं त मी उठून जाईन."

तर झालं असं. बशीरभाऊ कुरखेड्याचा. त्या दिवशी वडश्याले गेलता, टेपचा रबरी पट्टा आणाले. एवढासा पट्टा, पण आता कोण ठेवते? चार दुकानवाल्यांनी त्याच्या तोंडाकडे पाह्यलं. पाचव्या दुकानात एका म्हाताऱ्याच्या डब्यात भेटला. गुरुवार होता, एकोणीस जानेवारी, दोन हजार तेवीस. थंडी अशी का गाडीच्या हँडलले हात चिकटे.

बशीरभाऊची जिंदगीच आवाजात गेली. वीस वर्षाचा होता तवा बैलगाडीवर भोंगा बांधून नाटकाचं सांगत गावोगाव फिरला. मंग जीप आली. मंग कॅसेटचं दुकान टाकलं. कुठी नाटक असो का दंडारीचं नाचगाणं, हा बांबूले माईक बांधून रातभर भरून घे. पुढं मोबाईल आले, लोकायनं कॅसेटा उकिरड्यावर टाकल्या, त्या यानं पोत्यात भरून घरी आणल्या. नातवानं, अनसनं, कम्प्युटर शिकवला त म्हातारा जुने नाटकं मोबाईलवर टाकाले लागला. पुण्याले कामाले गेलेले आपले पोट्टे रातच्याले ते ऐकत अन् रडत. बशीरभाऊच्या घरी आवाज मरत नाई, असं म्हणत लोकं.

तेच नाव ऐकून त्याले नूतनचा फोन आला.

"नूतन कोण?" दिव्यानीनं विचारलं.

सुकरीबाईची पोरगी. मुलचेऱ्याले नर्स हाये. सुकरीबाई दंडारीत गाये. तिनं तान घेतली का चिलीम ओढणारे बुढे चिलीम विसरत. पोरगी दोन वर्षाची असताना सुकरीबाई तापानं गेली बिचारी. एक फोटो नाई, काई नाई.

"काका, आईचा आवाज तुमच्यापाशी हाये म्हणते," नूतन म्हणाली. "मी कधी ऐकलाच नाई जी. माह्या पोरीलेही ऐकवाचा हाये."

अन् बशीरभाऊ बोलून गेला, "हाये ना बेटा. शुक्रवारी ये."

हाये कुठचं!

भरला होता त्यानं, खोटं नाई. एकच कॅसेट होती तिची. कॅसेटच्या डोक्यावरची प्लास्टिकची चिप तोडली का तिच्यावर दुसरं भरता येत नाई. यानं तोडलीही होती. पण सुकरीबाई मेल्यावर पुढच्याच सालचं लगीनसराईचं गिऱ्हाईक आलं, वरातीचे गाणे पाहिजे म्हणे, आत्ताच्या आत्ता. कोरी कॅसेट संपलेली. भाऊनं चिपच्या भोकावर चिकटपट्टी लावली अन् सुकरीबाईवर वरातीचे गाणे भरून टाकले. ते गिऱ्हाईक पुन्हा आलंच नाई. कॅसेट तशीच पोत्यात.

त्या रात्री त्यानं टेपले पट्टा बसवला. सव्वाबारा वाजले होते. अनस झोपला होता. म्हाताऱ्याले वाटलं, कडेले कुठंतरी एखादा तुकडा उरला असन तिचा. एक ओळ. अर्धी ओळ.

पहिली बाजू ऐकली. वरात.

दुसरी बाजू. वरात. अन् शेवटी नुसतं सूं...

आता सकाळी पोरगी येणार. काय सांगाचं? माणसाले चोरी कराची असली का तो आधी मनात वकील लावते. बशीरभाऊच्या वकिलानं सांगितलं, दोन वर्षाची होती ते, आईचा आवाज काय याद असन तिले? यानं त्याच काळातल्या दुसऱ्या एका बाईचं गाणं काढलं, मोबाईलच्या कार्डात टाकलं, अन् वर नाव लिहिलं सुकरीबाई.

मंग कानाले हेडफोन लावून तपासाले बसला.

गाणं बरोबर वाजलं. पेटी, ढोलकी, सारं साफ. गाणं संपलं.

संपल्यावर थोडा वेळ काई नाई.

मंग बाईमाणूस बोललं. हळू.

"रहने दो ना जी. बच्ची है उसकी..."

बशीरभाऊनं हेडफोन कानावर दाबून धरले. तो आवाज अख्तरीचा होता. त्याच्या बायकोचा. अख्तरीले जाऊन सहा वर्षं झाले होते.

मंग माणसाचा आवाज. जवान. घाईतला.

"मरी हुई को कौन सुनता है?"

त्याचाच.

त्याच्यामागून चिकटपट्टी फाडल्याचा आवाज... चर्रर्र.

"अरे, म्हणजे त्या दिवशीचं रेकॉर्डिंग!" प्रणित म्हणाला.

"कसं असन बे? टेपवरून टेपवर भरताना माईक लागत नाई. त्या दिवशी घरात माईकच नव्हता."

बशीरभाऊले वाटलं, अनसनं मस्करी केली. कम्प्युटरवर पोट्टे काईही करते. त्यानं वळून पाह्यलं. अनस झोपलेला. तोंड उघडं.

हेडफोन काढले.

आवाज बंद नाई झाला.

टेपचं बटण बंद होतं. कम्प्युटर त्यानं बंद केला. वायर ओढली...

अंधारात, अगदी जवळ, कोणीतरी श्वास घेतला. लांब. गाणारीण बाई तान घ्याच्या आधी घेते तसा.

बशीरभाऊ तिच्या गाण्याची वाट पाहत थांबला. आता गाईन.

...

आता गाईन.

...

सकाळपर्यंत तसाच बसून होता. तिनं गायलं नाई.

पहिल्या गाडीनं नूतन आली. कडेवर पोरगी. बशीरभाऊनं ठरवलं होतं, खरं सांगून टाकाचं. तोंड उघडलं. त्याच्याआधी नूतनच म्हणाली, "काका, रातभर झोप नाई आली मले. आईले भेटाले चालली असंच वाटून राह्यलं."

त्यानं कार्ड दिलं.

तिनं मोबाईलात टाकून ऐकलं. गाणं वाजलं. नुसतं गाणंच. नूतन रडली, पोरीच्या कानाले मोबाईल लावला अन् म्हणाली, "अशीच वाटत होती मले." मंग बशीरभाऊच्या पाया पडली.

त्या दिवसापासून त्याले जेवण गोड नाई लागलं. तोंडावर सांगाची हिंमत नाई. म्हणून एक दिवस मोबाईलवर बोलून निरोप पाठवला, सारं खरं. तिचं उत्तर आलं, "काका, यात आवाजच नाई." दुसरा पाठवला. "नाई जी काका." तिसरा. तसंच.

मंग त्यानं घाबरून जुन्या कॅसेटा काढल्या. भोंग्यावरच्या त्याच्या जाहिराती, नाटकाआधीचं त्याचं बोलणं, सारं लावून पाह्यलं. लोकायच्या टाळ्या होत्या. कुत्रे भुंकत होते. तो नव्हता. मागच्या दिवाळीत बशीरभाऊ वारला. आजाले अनस दादा म्हणे; दादाचा आवाज भेटन म्हणून त्यानं घर पालथं घातलं. चाळीस वर्षाच्या कॅसेटात एक शब्द नाई भेटला.

"मंग तुम्ही काऊन नाई सांगितलं तिले?" दिव्यानीनं विचारलं.

मुखरूबुढ्यानं काडीनं राख उकरली. "ते गाणं लावून रोज पोरीले झोपवते म्हणते ते... कोण्या तोंडानं सांगू?"



मंग त्यानं बंडीच्या खिशातून मोबाईल काढला. "हा निरोप मले पाठवला होता बशीरभाऊनं. ऐकून सांग म्हणे, मी ऐकू येतो का."

बेचाळीस सेकंदाचा होता. बुढ्यानं लावला.

कोंबडा आरवला. मागं कोणाची तरी गाडी गेली. मंग अनसचा आवाज, "दादा, चाय में शक्कर डालूं?"

...

"अच्छा, थोडीसी," अनस म्हणाला.

अन् मंग पुन्हा कोंबडा.

"बाबा," मिथुन म्हणाला, "आवाज वाढवा ना."

"फुल हाये, बेटा."