दारात पहुडलेली सील

बाळांनो, अशी कल्पना करा, की तुम्ही एका समुद्रगुहेत, ओल्या कपारीत अंग चोरून बसला आहात. बाहेर पडायची वाट एकच. आणि त्या वाटेवर एक सील आपल्या पिल्लाला पाजते आहे!

भिंगरी नेमकी अशीच अडकली होती. सोबत होडीवाला मामा आणि समुद्रजीवांचा अभ्यास करणारी मावशी. इथे सीलची पिल्लं वाढतात हे दाखवणारा फोटो मिळाला, तरच बंदराचे अधिकारी पर्यटकांच्या बोटी लांब ठेवणार होते. माणसाचा वास सीलपर्यंत जाऊ नये म्हणून मावशीने वारा बघून ही आतली कपार निवडली. सीलला खरंच काही कळलं नाही. ती थेट दारातच पहुडली! उजेड तिच्या पाठीमागे, त्यामुळे फोटोत नुसत्या सावल्या. फ्लॅशला मावशीची सक्त मनाई.

"इतकं झकास लपलो, की आपणच कोंडलो," मामा कुजबुजला. "भरती लागली. टाळी वाजवू का?"

"दादा, मुळीच नाही!" मावशी म्हणाली. "ती घाबरून पळेल आणि पिल्लू मागे राहील. थांब. पाणी आधी त्यांना उठवेल."

"आणि मग आपल्याला बुडवेल!"

पाणी चढलं. भिंगरीचे पाय भिजले. गुहेचं तोंड अरुंद होत चाललं. अंधारलं, तसा तिने कपाळावरचा दिवा मंद लावला. तेवढ्यात लाटेने मायलेकरांना उचललं. आई सूर मारून बाहेर गेली. पिल्लू मात्र दिव्याकडे वळलं!

काळेभोर डोळे, ओल्या मिश्या. ते अगदी जवळ आलं. पाणी भिंगरीच्या कमरेला लागलं.

"उचल गं त्याला, घेऊनच निघू!" मामा ओरडला.

"हात लावू नकोस!" मावशीने बजावलं. "आपला वास लागला तर आई त्याला ओळखायची नाही."

भिंगरीने दिवा विझवला. मिट्ट काळोख! उजेडाची एकच फट उरली, दाराशी. बाहेरून आईची हाक आली. पाण्यात खळबळ झाली. पिल्लू गेलं!

आता तिघांची पाळी. मामाने आधीच बांधलेला दोर धरून, श्वास रोखून, एकामागून एक तिघंही त्या फटीतून बाहेर पडली आणि खोकत खोकत होडीत चढली.

समोरच मायलेकरं तरंगत होती.

"काढ फोटो! हाताच्या अंतरावर आहेत," मामा म्हणाला.

भिंगरीने वल्हं उचललं. होडी मागे नेली. आणखी मागे. पिल्लू मुठीएवढं दिसू लागलं. आईने त्यांच्याकडे बघणं सोडून दिलं, तेव्हा कुठे भिंगरीने पाणी न शिरणाऱ्या पिशवीतून कॅमेरा काढला.