कोळंबीच्या शेजारी नकाशे

"सकाळी नागावला जायचं, भरपूर पोहायचं आणि येताना पाव-भजी," प्रणयचा बेत रंगात आला होता. पण त्याच्या मामेबहिणीचं, राहीचं, लक्ष वाचनालयाच्या बंद दाराकडे होतं. दारावर खडूने लिहिलं होतं, 'रंगकामासाठी बंद.'

"रंगाचा वास येतोय का तुम्हाला?" तिने विचारलं.

तिच्या मैत्रिणीने, शिवानीने, नाक वर करून हुंगलं. "छे. ओल्या गोणपाटाचा येतोय."

मे महिन्यात ओलं काय असणार? तिघंही मागच्या अंगणात गेली. तिथे काळ्या पिशव्यांचा ढीग पडला होता. एका फाटक्या पिशवीतून कापडावर चिकटवलेला जुना कागद डोकावत होता.

राहीने वाकून पाहिलं. गावाच्या खारभूमीचे नकाशे! खाडीचा फुटलेला बांध गावाने बुजवला होता, पण शेतात शिरलेलं खारं पाणी आतच अडकलं होतं आणि सरपंच वेणूबाई हेच नकाशे मागत होत्या. जुनी उघाडी, म्हणजे ओहोटीला शेतातलं पाणी बाहेर सोडणारं दार, कुठे गाडली गेलीय ते त्या नकाशांवरच होतं. वाचनालयाचे चिटणीस दिपेशकाका मात्र कालपासून सांगत होते, "रंगकाम झालं की देतो."

राहीने लगेच मैत्रीमावशीला फोन लावला. मावशी मुंबईच्या एका दप्तरखान्यात जुने कागद दुरुस्त करायची.

"गुंडाळ्या उलगडू नका, उन्हात तर मुळीच टाकू नका," मावशी म्हणाली. "ओल्या कागदावर दोन दिवसांत बुरशी चढते. गोठवता आले तर वाचतील. मी उद्या येते."

"एवढा मोठा फ्रिज कोणाकडे आहे?" शिवानी पुटपुटली.

"हिरामणदादाकडे," प्रणय म्हणाला. "तो कोळंबी विकतो ना, ती गोठवायची खोली."

इतक्यात रद्दीवाल्याचा टेंपो आला आणि वाचनालयातून दिपेशकाका लगबगीने बाहेर पडले. "चला पोरांनो, बाजूला व्हा. जुना कचरा आहे."

त्यांच्याशी वाद घालण्यात वेळ गेला असता. राही सरळ रद्दीवाल्याकडे गेली आणि पिशवीचं तोंड उघडून म्हणाली, "काका, हात लावून बघा."

त्याने बघितलं नि हात झटकला. "वली रद्दी न्हाय चालत आपल्याला. पानी भरून नेऊ काय?" टेंपो आला तसा निघून गेला.

दिपेशकाका पायरीवर बसले. "गच्चीच्या टाकीचा नळ मीच उघडा ठेवला," ते हळू आवाजात म्हणाले. "काल कपाट उघडलं तर सगळं भिजलेलं. गावाला काय तोंड दाखवू?"

"ते नंतर बघू, काका. आधी हातगाडी द्या," राही म्हणाली.

हिरामणदादाने आधी नकारार्थी मान हलवली. "माझा माल हाय आत. कागदांना जागा कुठली?"

"दादा, तुमचंही शेत त्याच बांधाआड आहे ना?"

हिरामणदादाने खोलीचं दार उघडलं. मग त्याने कोळंबीचे खोके सरकवले. मुलांनी एकेक गुंडाळी स्वच्छ प्लॅस्टिकमध्ये बांधून रिकाम्या फळीवर ठेवली. बोटं बधिर झाली तरी कोणी थांबलं नाही.

दुसऱ्या दिवशी मैत्रीमावशी टीपकागदांचे गठ्ठे घेऊन आली. शाळेच्या वर्गात काम सुरू झालं. एका वेळी एकच गुंडाळी बाहेर काढायची, ती वितळू द्यायची, टीपकागदावर अलगद पसरायची. फाटलं असेल तिथे मावशी गव्हाच्या खळीने झिरझिरीत कागद चिकटवायची. एकदा राहीने घाई केली आणि कोपरा टरकला. तिचे डोळे भरून आले.

"माझ्याही हातून फाटलेत," मावशी म्हणाली. "मी रसायनशास्त्र शिकले, मग हे काम. पहिली काही वर्षं फक्त धीर धरायला शिकले. घे, खळ लाव."

राहीने खळ लावली. या वेळी तिने घाई केली नाही.

सुट्टी संपत आली तेव्हा शेवटचा नकाशा उलगडला. शाई पसरली होती, पण बांधाची रेघ शाबूत होती आणि तिच्यावर एक छोटा चौकोन होता. नकाशा बघून गावकऱ्यांनी तिथे खणलं, तर चिखलाखाली दगडी उघाडी लागली.

बांधावर सगळं गाव जमलं होतं. दिपेशकाकांनी स्वतः पुढे होऊन आपली चूक सांगितली. वेणूबाईंनी ती ऐकून घेतली, मग मुलांकडे वळल्या. "पोरांनो, तुम्ही हटला नाहीत म्हणून यंदा भात लावता येईल."

ओहोटी लागली होती. हिरामणदादाने उघाडीतला गाळ उपसला आणि शेतातलं खारं पाणी खळखळत खाडीकडे निघालं.